फटीतली चोच

कोथरूड, पुणे
९ मे २०२५

ती. द्वारकाआत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

आमच्या शिरीषाच्या झाडावरचा धनेश मेला. रस्त्यापलीकडच्या नव्या काचेच्या इमारतीमागे, झुडपात पडलेला सापडला. संस्कृतीने आज सकाळी जाऊन खात्री केली. चोचीवरच्या शिंगाचा टवका उडालेला, त्यावरून ओळखला. काचेत आभाळ दिसतं आणि पाखरं त्यात शिरायला जातात, असं ती म्हणाली. मरून तीन-चार दिवस झाले असावेत. संस्कृती म्हणजे आमच्या शेजारची मुलगी, पक्ष्यांवर संशोधन करते. घरच्यांच्या मते लग्न टाळते.

मादी ढोलीत आहे. मार्चअखेरीला आत शिरली आणि चिखल-विष्ठेने तोंड लिंपून घेतलं. बोटभर फट तेवढी उघडी ठेवली. नर दिवसभर त्या फटीतून तिला फळं भरवायचा. आत दोन पिल्लं आहेत, दोघांचे आवाज येतात. आता त्यांना कोण भरवणार? संस्कृतीने वनखात्याला कळवलं आहे. तिला एका गोष्टीचं नवल वाटतं. इतके दिवस उपाशी असून मादीची चोच फटीत दिसते आणि पिल्लंही ओरडताहेत, हे कसं, ते तिला समजत नाही.

मला काळजी बाबांची आहे. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं किती उरलं आहे ते तू दिवाळीत बघितलंस. पण हा धनेश आला की गॅलरीतून मला हाक मारायचे. ढोली त्यांच्या गॅलरीच्या अगदी समोर, लांब काठी पुढे केली तर पोचेल इतकी जवळ. त्या ढोलीत उपासमारीने काय होईल ते त्यांनी रोज बसून बघावं, हे मला सहन होणार नाही. म्हणून बाथरूमच्या फरशा उखडायच्या आहेत अशी थाप मारली आणि आज दुपारी त्यांना खडकीला तेजस-वहिनीच्या क्वार्टरवर सोडून आले. निघताना इतके भांडले की हिंदुरावकाका वरच्या मजल्यावरून डोकावले. आत्ता नको, पंधरा दिवसांनी फरशा काढ, नाहीतर मी घाणीत अंघोळ करीन, इथवर मजल गेली. निवृत्त माणसाचा हट्ट तू जाणतेसच.

परत येऊन फ्रिज आवरला तर भाजीच्या कप्प्यात पिशवीभर उंबरं! काही फुटलेली, आत चिलटं. सगळी फेकून दिली. वय झालं की माणूस काहीही जमवू लागतो.

तुझ्या नियमाप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवते आहे, मूळ पत्र पोस्टात टाकीन. बाबांना यातलं काही कळवू नकोस. उद्यापासून मी आणि संस्कृती बांबूला फळ लावून बघणार आहोत. लोभ असतोच, या वेळी थोडा जास्त लागेल.

तुझी,
पूर्णिमा

•

भंडारा
१० मे २०२५, सकाळ

चि. पूर्णिमास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचलं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, त्यामुळे पाखराची बातमी पहिल्या ओळीत आणि बापाशी केलेली लबाडी तिसऱ्या परिच्छेदात, हा क्रम माझ्या नजरेतून सुटला नाही.

आधी पाखराचं. तीस वर्षं मुलांना शिकवलं ते तुला फुकट सांगते. ती मादी आत गेली की उडण्याची पिसं गाळून टाकते. त्या पिसांना लागणारी ताकद अंड्यांना, पिल्लांना मिळते. पिसं नव्याने येईपर्यंत तिला उडता येत नाही. म्हणून ती भिंत. आमच्या नवेगावच्या बाजूला वानर असतात, घोरपड असते, साप असतात. त्यांतल्या कुणाला त्या फटीतून डोकं घालता येत नाही, घातलंच तर चोच आहे. सगळी सुरक्षितता तिने घेतली आणि बदल्यात एकच गोष्ट मान्य केली, की बाहेरचा एक जण परत येईल. पिढ्यान् पिढ्या हा व्यवहार तिच्या जातीला पुरला. त्यात काच धरलेली नव्हती.

एक लक्षात ठेव. बाहेर अनोळखी खुडबुड झाली की ती चोच आत घेऊन गप्प बसते. तिला जगवणारी सवय तीच आहे. त्यामुळे तुम्ही दोघी बांबू खुपसून फार उत्साह दाखवू नका.

आता बापूचं. त्याला सांग. हिराच्या आजारात डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही पोरांनी त्याच्यापासून दहा दिवस लपवलं होतं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ठाऊक आहे. माणूस खचेल म्हणून लपवतात आणि मग तो एकटा पडतो.

उंबरं फेकलीस ते मात्र मला चमत्कारिक वाटलं. बापूला उंबर कधी आवडत नव्हतं.

तेजसला आशीर्वाद. तुझं जेवण वेळेवर होत नसणार, हे न लिहिताही दिसतं.

तुझी आत्या,
द्वारका

•

खडकी
१० मे २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

हे पत्र पूर्णिमाला दाखवू नये. तेजसलाही नाही. फोटो मी स्वतः काढतो आहे, तिरका आला तर मान वाकडी करून वाच.

आमचा धनेश सोमवारी दुपारनंतर आला नाही. मी संध्याकाळपर्यंत बसलो. मंगळवारी मादी सारखी चोच बाहेर काढत होती, मग काढेनाशी झाली. कावळ्याने की काचेने, काय झालं मला माहीत नाही, पण तो परत येणार नाही हे मला समजलं. पूर्णिमाला सांगितलं नाही. हिरा गेल्यावर ती रडली नाही, तेव्हापासून मी तिच्यापुढे मरणाची गोष्ट काढत नाही. ऑफिस आणि मी, एवढंच तिने स्वतःला ठेवलं आहे. त्यात आणखी एक कशाला.

बुधवारी जळमटं काढायच्या काठीचं टोक चिरलं, त्यात उंबर अडकवलं आणि फटीशी नेलं. घेतलं नाही. दोनदा नेलं, दोन्ही वेळा चोच आत. मग आठवलं. तो यायचा तेव्हा आधी बुंध्यावर बसून चोचीने दोन ठोके द्यायचा, थोडं थांबायचा आणि मग फटीशी जायचा. तीन उन्हाळे मी ते बघतो आहे. मीही काठीने दोन ठोके दिले, तो थांबायचा तेवढा थांबलो, मग पुढे केलं. ताई, तिने घेतलं. इतकं हळू घेतलं की काठीला धक्कासुद्धा लागला नाही. आतून पिल्लांचा कालवा सुरू झाला.

तेव्हापासून पूर्णिमा ऑफिसला गेली की माझी ड्यूटी सुरू. गल्लीच्या टोकाला उंबर आहे, सकाळी फिरायला म्हणून जातो आणि पिशवी भरून आणतो. तिला सांगायची सोय नव्हती. काठी पोचायला स्टुलावर उभं राहावं लागतं आणि जानेवारीत त्याच स्टुलावरून पडलो तेव्हा तिने मला आईची शपथ घातली आहे. हिराची शपथ मोडली हे त्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगू?

आता तिने मला इथे आणून बसवलं आहे. फरशा खराब नाहीत, मीच बसवून घेतल्या आहेत. बहुधा मला कंटाळली. ते असो. पण काल दुपारपासून त्या तिघांना कुणी काही दिलेलं नाही. इथून बसने जायला निघालो तर सूनबाईंनी फाटकापासून परत आणलं, ऊन आहे म्हणाल्या. हिरा शेवटी माझ्याच हातचं खायची, दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की मान फिरवायची. हे पाखरू तसंच करेल अशी मला भीती आहे.

काही कर. पण माझं नाव येऊ देऊ नकोस.

तुझा,
बापू

•

भंडारा
१० मे २०२५, रात्र

चि. पूर्णिमा,

आशीर्वाद नंतर. सोबत तुझ्या बाबांच्या पत्राचा फोटो आहे. दाखवू नये असं त्याने पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. मी दाखवते आहे. त्याचं काय ऐकायचं आणि काय नाही, एवढा अधिकार मोठ्या बहिणीला असतो. तू मला कळवलेलं मी त्याला तासाभरापूर्वी कळवलं, तेव्हा दोघांचीही फिटंफाट झाली.

उंबरांची पिशवी कुणाची होती ते आता तुला समजेल. मादी इतके दिवस कशी तगली तेही. तू तिचा दाणापाणी उचलून खडकीला ठेवून आलीस, पोरी. मायेने केलंस, त्यामुळे रागवत नाही.

बापूने हिराच्या चमच्याचं जे लिहिलं आहे त्यावर मी काही लिहिणार नाही. पाखरांवरून माणसांचे धडे काढायची मला शाळेतही चीड होती.

उद्या पहिलं काम, त्याला घेऊन ये.

द्वारका

•

कोथरूड, पुणे
१९ मे २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

आठ दिवस लिहिलं नाही, रागावली असशील. मधे फोटो काढून पाठवलेल्या दोन ओळींवर तुझं समाधान होणार नाही हे माहीत होतं, म्हणून आज सगळं लिहिते.

तुझं पत्र मी रात्रीच वाचलं. त्या दिवशी शनिवार होता. मी आणि संस्कृतीने दिवसभर गॅलरीतून बांबू पुढे केला होता. पपई, उंबर, केळं, सगळं झालं. मादीने चोच आत घेतली ती घेतलीच. संध्याकाळी पिल्लांचे आवाज अगदी बारीक झाले. एका प्राणी-बचाव संस्थेची माणसं येऊन बघून गेली. रविवारी दुपारपर्यंत तिने काही घेतलं नाही तर भिंत फोडून तिघांना केंद्रात हलवायचं, असं वनखात्याच्या परवानगीने ठरलं. इतकी लहान पिल्लं माणसाच्या हातून क्वचितच वाढतात, हेही त्यांनी सांगितलं. ठरवलं मात्र तेच, कारण दुसरा उपाय कुणाला सुचत नव्हता.

रविवारी उजाडताच खडकी गाठली. बाबा फाटकाशी चप्पल घालून उभेच होते. तुझं पत्र त्यांनीही वाचलं होतं. गाडीवरून अर्धी वाट झाली. मग त्यांनी मागून विचारलं, की काचेने गेला का. मी हो म्हटलं. लगेच गेला असेल, असं ते म्हणाले. पुढे कर्वे पुतळ्याशी सिग्नलला थांबले तेव्हा मी रडायला लागले, आत्या. कशाने ते नीट सांगता येणार नाही. शेजारचा रिक्षावाला बघत होता. बाबांनी त्याला सिग्नल सुटल्याचं सुनावलं.

घरी गॅलरीत संस्थेची माणसं दोर आणि पिंजरा घेऊन आलेली. बाबांनी त्यांना खोलीच्या आत जायला सांगितलं, आवाज न करता. स्टुलावर चढताना माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. त्यांनी बुंध्यावर दोन ठोके दिले आणि थांबले. मला ते थांबणं फार लांब वाटलं. काठी पुढे गेली. फट रिकामीच. पुन्हा दोन ठोके. पुन्हा रिकामी. आतल्या माणसांपैकी एकाने घड्याळ बघितलं. बाबांनी काठी मागे घेतली, खांदा चोळला आणि परत पुढे केली. तेव्हा फटीत चोचीचं टोक दिसलं. आधी नुसतं टोक. मग तिने उंबर उचललं.

पिंजरा त्या दिवशी परत गेला.

पण दोन आवाजांतला एकच राहिला आहे. मंगळवारी तिने फटीतून काहीतरी बाहेर टाकलं, संस्कृतीने खाली जाऊन बघितलं. धाकटं पिल्लू होतं. अन्न कमी पडलं की मोठं जगतं आणि धाकटं मागे पडतं, या पक्ष्यांची रीतच आहे, असं ती मला समजावत होती. रीत असेल. शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ, एवढी उपासमार मात्र माझ्यामुळे झाली. बाबांना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, की तो असता तरी वळवाच्या वादळात एखादं गेलं असतं. खोटं बोलत होते, त्यांना ते जमत नाही. पण या वेळी माझ्यासमोर बोलत होते, आणि मग दोघांनी मिळून ते पिल्लू शिरीषाखाली पुरलं.

आता पहाटे उंबरं मी आणते. संस्कृती नाकतोडे पकडते, पिल्लाला फळाइतकेच तेही लागतात. हिंदुरावकाकांनी शिरीषाखालची आपली गाडी हलवून घेतली. पाखराने पार्किंगचे पैसे भरलेले नसताना जागा कशी घेतली, हा त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे, पण हलवली. स्टुलाऐवजी तेजसने कठडा असलेली घडवंची करून दिली आहे.

फटीतून मादीच्या पंखाची कड कधीकधी दिसते. पिसं जवळजवळ पूर्ण आली आहेत, असं संस्कृती म्हणते. महिनाअखेरीला, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात ती आतून भिंत फोडेल, असा तिचा अंदाज आहे. एरवी मादी बाहेर पडल्यावर पिल्लू भिंत पुन्हा लिंपतं आणि आईबाप दोघं मिळून त्याला भरवतात. इथे ती एकटी. बाहेर आल्यावर ती पिल्लासाठी परत येईल का, असं बाबांनी विचारलं. बहुधा येईल, पण एकटीने एक पिल्लू पोसलेलं तिने कधी बघितलेलं नाही, असं संस्कृतीने खरं खरं सांगितलं. बाबांना ते आवडलं. काचेच्या इमारतीकडे तोंड करून ती उडाली तर काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्या इमारतीच्या व्यवस्थापकाला काचेवर पट्टे चिकटवण्याबद्दल संस्कृतीने आणि मी दोनदा भेटून सांगितलं आहे. मालकांना विचारून शुक्रवारी कळवतो म्हणाला.

शुक्रवारी बाबा स्वतः येणार आहेत माझ्याबरोबर. इस्त्रीचा सदरा काढून ठेवला आहे.

तुझं पत्र यायला उशीर झाला की बाबा बेचैन होतात, तेवढं जप. इकडचा लोभ आहे तसाच आहे.

तुझी,
पूर्णिमा