टेबल डुगडुगत होतं, हे आधी लक्षात घ्या

ती. अक्कांना,

कमरेनं परवानगी दिली तेवढा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून रुसूनच बसलाय? साडूबुवांचा खोकला मागच्या पत्रात ‘कमी’ होता, त्याच्या आदल्या पत्रातही ‘कमी’ होता. इतका कमी होत गेलेला खोकला एव्हाना शिल्लक तरी कसा राहिला, ते सवडीनं कळवावं. आम्ही दोघं प्रवासाहून धड परत आलो. आमचं क्षेम आहे, म्हणजे तुमची धाकटी बहीण या खोलीत क्षेम आहे आणि मी त्या खोलीत.

तिनं परवा तुम्हाला फोनवर सव्वा तास काय सांगितलं ते मला ठाऊक आहे, कारण मी दाराआड होतो (ऐकत नव्हतो, बिजागरीला तेल घालत होतो). पुढच्या महिन्यात त्या तळ्याला पुन्हा जायचं, तुम्ही दोघींनीच, आणि मला न्यायचं नाही, असं ठरलंय म्हणे. ठरवा बापडे. पण अक्का, तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्या. एकीचंच ऐकून निकाल देणं तुम्हाला शोभत नाही. म्हणून माझी बाजू लिहितोय. मी चार इयत्ता शिकलेला सुतार, पुढचं सगळं लाकडानं शिकवलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पाहू नका, सरळ-वाकडं तेवढं पाहा.

मुळात फिरायला जाणं म्हणजे काय, याचीच माझी समजूत चुकलेली होती. मला वाटलं, प्रसिद्ध जागी जायचं आणि ती जागा नीट पाहायची. तसं नसतं. आमच्या बसमध्ये बत्तीस माणसं आणि त्यांच्यावर एक वाटाड्या. त्याच्या गळ्यात शिट्टी, म्हणून आम्ही त्याला शिट्टीमास्तर म्हणायचो. हा गृहस्थ पहिल्या शहरातल्या राजवाड्यापाशी आम्हाला उतरवून म्हणाला, “बारा मिनिटं!” अहो, जो वाडा बांधायला माणसांच्या दोन पिढ्या खपल्या तो बारा मिनिटांत? मी बारा मिनिटांत पटाशीला धारसुद्धा लावत नाही. आत तो कुठल्याशा राजाला कुठं विष घातलं ते रंगवून सांगत होता आणि बाकीची माणसं हळहळत होती. माझं लक्ष दाराकडे. दोन पुरुष उंच दार, पण एका बोटानं ढकललं तर लोण्यासारखं फिरलं. मी विचारलं, “लाकूड कुठलं?” तर म्हणतो, “आजोबा, दार बघायचं नसतं, दारातून आत बघायचं असतं.” घ्या! ज्यानं ते दार केलं त्याला कुणी विष घातलं नाही, म्हणून तो बघण्याच्या लायकीचाच नाही? मग मी ते दार आणखी दोनदा फिरवून पाहिलं. तिसऱ्यांदा फिरवताना पहारेकरी आला. पुढचं तुम्हाला फोनवर कळलेलंच आहे. फक्त त्यानं मला ‘हाकललं’ हा शब्द चूक आहे. त्यानं मला बाहेरचा रस्ता दाखवला, आणि मी आपण होऊन चाललो.

दुसऱ्या शहरात मनोरा होता. तीनशे दहा पायऱ्या, आणि अक्का, देवाशपथ सांगतो, त्यातल्या कुठल्याही दोन एकसारख्या नव्हत्या. ही गोष्ट मी टेपनं मोजून खात्री करून घेतली. मोजताना मागची माणसं थोडी खोळंबली, हे कबूल. पण चूक पायऱ्या करणाऱ्याची की मोजणाऱ्याची? बसमधल्या एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिकाबाई वरून ओरडल्या, “अहो मिस्त्री, मनोरा पास झालाय चारशे वर्षांपूर्वी, तुम्ही पेपर परत तपासू नका!” सगळे हसले. तुमची बहीणही हसली. तेव्हा ती अजून हसत होती, हे मुद्दाम नोंदवतो. मुक्कामाच्या खोलीत कपाटाचं दार आपोआप उघडायचं, ते मी काडीपेटीच्या काडीनं बसवलं. खिडकीला साबण चोळून ती सरकती केली. त्यावर ती एवढंच म्हणाली, “अहो, आपण पाहुणे म्हणून आलोय, कामावर नाही.” आता चाळीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांच्या खिडक्या केल्या आणि स्वतः त्यांतून कधी बाहेर पाहिलं नाही, त्याच्या हाताला सुट्टी म्हणजे काय ते कसं कळावं? पण हे मी तिला बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

आता तळ्याकडे येतो. मुद्दा तोच आहे आणि मी तो टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्हाला आमच्या दुकानातलं कॅलेंडर आठवतंय का? लाकडाच्या वखारवाल्यानं दिलेलं. त्याच्या एका पानावर ते तळं होतं. महिना संपला, वर्ष संपलं, पण तिनं ते पान उतरवू दिलं नाही. कडा भुशानं पिवळ्या पडल्या. दर दिवाणखान्याच्या कामावेळी मी म्हणायचो, हे काम उरकलं की जाऊ. अठ्ठावीस वर्षं कामं उरकत होती. या खेपेला गेलो ते त्या तळ्यासाठीच, बाकीची शहरं म्हणजे ताटाभोवतीची रांगोळी.

मुक्काम टेकडीवर होता. तळं खाली, अर्ध्या तासाच्या वळणांवर. सकाळी न्याहारीच्या टेबलाशी बसलो आणि ते टेबल डुगडुगत होतं. अक्का, तुम्हाला सुतार नवरा नाही म्हणून तुम्हाला समजणार नाही. गवयासमोर कुणी बेसूर गायलं तर तो उठून जाऊ शकतो, सुताराला चहा तिथंच प्यायचा असतो. कोपर टेकलं की कप बशीत नाचतोय, चहा सांडतोय, हिच्या पदरावर डाग. इकडेतिकडे पाहिलं. टेबलाच्या कडेला एक जाड कागद पडलेला. छान कडक, चार घड्या घातल्या तर पाहिजे त्याच जाडीचा. मी तो पायाखाली सारला. टेबल असं बसलं म्हणून सांगू, जसं जमिनीतून उगवलंय! शिट्टीमास्तर माणसं मोजत तिथूनच गेला, त्यानंही त्यावर हात टेकवला. तेव्हा बोलला का काही? नाही.

तो कागद म्हणजे आमच्या बत्तीस जणांचा नावेचा परवाना होता. त्यावर शिक्का होता, मान्य. पण शिक्का खालच्या बाजूला होता. आणि इतका मोलाचा कागद न्याहारीच्या टेबलावर ठेवून माणूस फिरतो कशाला? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात, यानं तर आपलंही उघड्यावर ठेवलं! धक्क्यावर पोचल्यावर त्यानं खिसे चाचपले, पिशवी उलटी केली, ड्रायव्हरला उतरवून सीटा उचलायला लावल्या. नाव भोंगा वाजवत उभी. मी सरळपणे म्हणालो, “मास्तर, जाड होता का हो? कडक?” बस्स, तेवढ्यावरून एकतीस माणसं माझ्याकडे वळली. परत वर जाऊन यायला तास लागला असता, नाव दिवसातून एकदाच सुटते, आणि दुपारी आम्हाला पुढच्या गावी पोचायचं होतं. नाव गेली. रिकामी गेली, अक्का. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “मिस्त्री, आज तुम्ही सगळ्यांनाच पाचर मारलीत.” मी चिडून सांगितलं की दोष टेबलाचा आहे, हॉटेलवाल्याचा आहे, मास्तरचा आहे. घसा बसेपर्यंत सांगितलं.

तुमची बहीण भांडली नाही. कठड्याशी जाऊन उभी राहिली. पाण्याकडे पाहत म्हणाली, “चित्रात दिसतो तो पलीकडचा किनारा. हा नव्हे.” आणि त्यानंतर दोन दिवस जे काही बोलली ते मुख्याध्यापिकाबाईंमार्फत. “बाई, यांना सांगा, छत्री विसरले.” “बाई, यांना विचारा, गोळी घेतली का.” बाई इमानानं निरोप पोचवत होत्या, वर माझं उत्तर सुधारूनही देत होत्या.

तर ही माझी बाजू. निष्काळजी मास्तर, बेफिकीर हॉटेल, वाकडी लाकडं; आणि शिक्षा कुणाला, तर सरळ कामाची सवय असलेल्या माणसाला. प्रवास ही गोष्ट माणसासाठी केलेलीच नाही. जगातली सगळी प्रसिद्ध ठिकाणं मला हात जोडून बोलवायला आली तरी मी उंबरा ओलांडणार नाही. साडूबुवांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
(अजून तरी) मेहुणा

ता. क. : मला न्या, असं मी म्हणत नाहीये. कृपा करून तसा अर्थ काढू नये.

ता. क. २ : तुमचा गुडघा जिना चढू देत नसेल तर धक्क्यावरच्या नावेत चढताना कुणीतरी हात धरणारं लागेल. पायऱ्या ओल्या आणि कमीजास्त उंचीच्या आहेत, मी पाहून ठेवल्यात. टेप, पटाशी, कानस सगळं घरी ठेवीन. परवाना तुमच्या पर्समध्ये ठेवा, माझ्या हाती देऊ नका.

ता. क. ३ : एक गोष्ट तिला तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून निघत नाही. ते टेबल मुळात ठीक होतं. सकाळी ते भिंतीशी होतं, आणि तिथून तळं दिसत नव्हतं. ती यायच्या आधी मीच ते खिडकीशी ओढलं. तिथली फरशी खचलेली होती. मी सांगायला गेलो तर म्हणेल, “म्हणजे टेबल हलवलंतही तुम्हीच!”