हँडल कापलं

४ ऑगस्ट, सोमवार

आज सायकलचं जुनं हँडल काढलं. खाली वळलेलं, शर्यतीचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं — वाकून चालवणार असाल तर परत माझ्याकडे येऊ नका. डाव्या खांद्याच्या हाडाला स्टीलची पट्टी आहे. नऊ वर्षं झाली, हात अजून कानाच्या वर जात नाही.

दिग्विजय म्हणाला, "विकून टाक ना. गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा होईल." नवऱ्याला एवढंच दिसतं.

विकणार नाही. फिक्स्ड गिअर आहे ही — चाक फिरतंय तोवर पाय फिरतात, मध्येच पाय सैल सोडून बसता येत नाही. हिच्यावर राज्याच्या फायनलपर्यंत गेले होते. आता सरळ बसून चालवायची म्हणजे रायझर हँडल लावायचं, दोन्ही बाजूंनी वर उचललेलं. भाजी आणायला निघाल्यासारखं.

मायाक्का नसती तर ही वेळ आली नसती. लिहिलं एकदाचं.

५ ऑगस्ट

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर रायझर बघत बसले. अडीच सेंटिमीटर उचललेलं घ्यावं की साडेसहा? अडीचवर खांदा ओढला जाईल. साडेसहा घेतलं. सगळीच हँडलं रुंद, ७२ सेंटिमीटरच्या खाली एक नाही. डोंगरात चालवणाऱ्यांसाठी बनवतात म्हणे. कापावं लागणार.

८ ऑगस्ट

कॉलेजातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो. मायाक्काची इथं सोलापूरला बदली झाली. खाकी वर्दी, खांद्यावर दोन तारे, हातात गुच्छ. खाली सगळ्यांची अभिनंदनं. मी पण अंगठा टाकला. काय करणार?

माळशिरसकडची पोरगी. घरी मेंढरं. हॉस्टेलवर माझ्या खोलीत राहायची, सुरुवातीला माझेच बूट घालून सराव करायची. २०१६ ची फायनल — शेवटचं वळण, ती आतून, मी बाहेरून. तिनं कोपर मारलं. मी पडले, ती पहिली आली. पंचांनी अपघात म्हणून लिहिलं आणि विषय मिटवला. ती त्या मेडलवर पोलिसात लागली. मी हॉस्पिटलात, आणि आता कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईड दाखले देते.

हे मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं.

९ ऑगस्ट

हँडल आलं. बसत नाही. मधला भाग जाड, माझ्या सायकलची पकड जुनी, बारीक. सिद्धलिंगप्पांच्या दुकानात घेऊन गेले. दुधनीचे आहेत, तीस वर्षं सायकलीच दुरुस्त करतायत. म्हणाले, "ताई, आधी मापून मागवायचं की." बरोबरच आहे. पण आज कुणाचं बरोबर ऐकायची माझी तयारी नव्हती. परत पाठवलं.

१४ ऑगस्ट

दुसरं बसलं. काळं, ७२ सेंटिमीटर. म्हशीच्या शिंगांसारखं दिसतं. जुळे सोलापुरात दोन चकरा मारल्या. खांदा दुखला नाही. किती वर्षांनी! आणि आनंद झाला म्हणून स्वतःचाच राग आला.

गल्लीतल्या उभ्या रिक्षांमधून मात्र निघेना. एका रिक्षाच्या आरशाला टोक लागलं. कापायचंच. ६४ पुरे.

१६ ऑगस्ट

अनोळखी नंबर. "सुकन्या, मी मायाक्का बोलतीया. कुटं असतीस? भेटायचं हुतं."

कट केला.

परत आला. परत कट केला. तिसऱ्यांदा नाही आला.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळीच दुकानात गेले. सिद्धलिंगप्पांनी हँडल शिकंज्यात धरलं. म्हणाले, "एकदम कापू नका. दोन्हीकडनं एक एक बोट कापायचं, चालवून बघायचं, मग परत कापायचं. कापलेलं जोडता येत न्हाय."

ते गिऱ्हाईकाकडे वळले आणि मी खूण करून घेतली. हेक्सा करवत मीच ओढली. ओढताना डोक्यात तो फोन — भेटायचं हुतं! नऊ वर्षांनी भेटायचंय हिला. उजव्या हातानं जोर काढून कापत गेले. तुकडा खाली पडला तेव्हा कळलं, चार ऐवजी आठ कापलेत. दोन्हीकडचे मिळून आठ, ते मी एकाच बाजूला मोजले होते.

सिद्धलिंगप्पा आले. तुकडा उचलला, पट्टीनं मोजला. मग हळूच म्हणाले, "आता दुसरीकडं बी आठ. न्हायतर सायकल वाकडी पळंल."

कापलं. ५६ राहिलं. कडा त्यांनी कानसीनं घासून गुळगुळीत केल्या. ग्रिप चढवल्यावर मध्ये बोटभर जागा उरली. चालवून बघितलं तर ताबा राहत नाही. फिक्स्डला ब्रेक कमी, पायानंच वेग मारायचा, तेव्हा हातात धरायला रुंदी लागते. ती मीच कापून टाकली.

घरी दिग्विजय हसला. त्याच्याशी बोलले नाही.

२० ऑगस्ट

दुकानात मायाक्का. वर्दीत नव्हती, साधा ड्रेस. कॉलेजात चौकशी केली म्हणे, शिपायानं दुकानाचं नाव सांगितलं. जाड झालीय. केस कापलेत.

नवीन हँडल मागवावं की आहे तेच चालवावं, असं मी सिद्धलिंगप्पांना विचारत होते. तिनं माझी सायकल ओळखली. हँडलला हात लावला आणि म्हणाली, "लई कापलंय गं. खांदा आवळंल तुझा."

मी म्हणाले, "खांद्याचं तू बोलू नकोस."

सिद्धलिंगप्पा आत निघून गेले. मग ती खाली बघतच म्हणाली, "मला त्या वळणाचं नीट आठवत न्हाय. लई येळा आठवून बघितलं. पर तू म्हणतीस म्हंजे माझंच कोपार लागलं असणार. तू कशाला खोटं बोलशील? माफ कर. हे तोंडावर सांगायचं हुतं, म्हणून फोन केला."

तिचे डोळे भरले होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं — "असू दे."

असू दे म्हणाले मी. माफ केल्यासारखं.

२१ ऑगस्ट

ऑफिसला गेले नाही. खांदा दुखतोय असं कळवलं. दुखत नव्हता.

२४ ऑगस्ट, रविवार

कोपर लागलंच नव्हतं. ती आतून पुढं निघाली होती. तिला दाबायला मीच माझी बाहेरची लाईन सोडून आत, खाली उतरले आणि तिच्या चाकावर गेले. पडता पडताच मला कळलं होतं. या वहीतसुद्धा आजवर कधी लिहिलं नाही.

दहा वाजता तिच्या क्वार्टरवर गेले. दारातच सांगितलं. पुन्हा विचारू नये म्हणून दोनदा सांगितलं. तिनं दाराची चौकट धरली. मग म्हणाली,

"नऊ वर्सं तुझा खांदा बरा व्हावा म्हणून बिरोबाला जातीया मी."