चार शोभेचे स्क्रू

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा नमस्कार, आणि मामींनाही, माझ्या हातून फुटलेल्या त्यांच्या काचेच्या सुरईचं प्रकरण एव्हाना निवळलं असेल तर. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आईकडून कळलं. आता केसाएवढी तारसुद्धा चष्म्याशिवाय दिसते म्हणे. ऐकून आनंद झाला (जराशी काळजीही वाटली, पण तो विषय वेगळा). गुडघा काय म्हणतो? दुकानात गिऱ्हाईक आहे ना? फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि माझ्या तोंडचं पाणी पळतं, म्हणून पत्र. काम तसं काहीच नाही, आपलं सहज.

इकडची खुशाली म्हणजे आमच्या पंख्याची खुशाली. वर्षभरापूर्वी मोठ्या साहेबांच्या मनात आलं की आपला टेबलफॅन पर्यावरणस्नेही झाला पाहिजे. त्यासाठी समिती बसली, ती अशा थंडगार खोलीत की निम्मी मंडळी स्वेटर घालून होती (पंखा बनवणाऱ्या कंपनीच्या त्या खोलीत पंखा नाही, एसी आहे). पहिल्या बैठकीत पंखा हिरवा रंगवायचं ठरलं. पुढच्या दोन बैठका त्याच्यावर पान काढायचं ते कुठल्या झाडाचं, यात गेल्या. मग कोणीतरी म्हणालं की प्लास्टिकही कमी करायला हरकत नाही, म्हणून आम्ही पंख्याचं बूड हलकं केलं. इतकं हलकं की तीन नंबरवर लावल्याबरोबर तो टेबलावरून एकेक इंच मागे सरकत गेला आणि सगळे कौतुकाने बघत असताना साहेबांच्या मांडीवर जाऊन पडला. तेव्हा बुडात लोखंडाचा ठोकळा घातला. अहवालात प्लास्टिक वाचल्याची नोंद आहे, लोखंडाचा अहवाल निराळा करायचं ठरलंय. पुठ्ठा वाचावा म्हणून खोकं पातळ केलं, तर पंखे वाटेतच मोडायला लागले. आता ते पातळ खोकं आम्ही एका जाड खोक्यात घालून पाठवतो.

या सगळ्यात मी गप्प बसायला हवं होतं. पण मामा, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, चारचौघांत अक्कल पाजळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी उठून सांगितलं की आपल्या पंख्याला चौदा स्क्रू लागतात, ते खणून काढलेल्या धातूचे असतात, ते सगळे काढून टाका आणि बाहेरच्या आवरणाचे दोन्ही भाग गोंदाने चिकटवा. समितीने माना डोलावल्या. अशा डोलावल्या की माणसाला वाटतं आपण काहीतरी थोर बोलून गेलो. साहेबांनी माझी पाठ थोपटली, मला वर्षातल्या उत्तम कल्पनेचं बक्षीस म्हणून एक लाकडी पाटी दिली, आणि ती भिंतीवर लावायला शिपाई चार स्क्रू घेऊन आला. त्याही वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

साचे झाले, पंखे झाले, गोदाम छतापर्यंत भरलं, आणि मग नवा नियम आला. यापुढे शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या यांना पंखा विकायचा तर त्यावर दुरुस्त होणारी वस्तू असा शिक्का हवा. तो शिक्का द्यायला तपासणीच्या कचेरीतून एक बाई येणार, सोबत बाजारातला एक साधा दुरुस्तीवाला आणणार. त्याने साध्या हत्यारांनी अर्ध्या तासात पंखा उघडायचा, कंडेन्सर बदलायचा, पंखा बंद करायचा आणि चालवून दाखवायचा. आमचा पंखा उघडतच नाही, कारण तो मी आखलेला आहे. सगळ्या समितीने माझ्याकडे वळून पाहिलं. वर्षभर ज्या कल्पनेला सगळे "आपली कल्पना" म्हणत होते, ती त्या एका क्षणात "तुमची कल्पना" झाली.

साहेबांनी यावर तोडगा काढला. साचे बदलायला वेळ नाही, तेव्हा पंखा उघडेल असा दिसला पाहिजे. मी (लिहितानाही हात जड होतोय) पाठीमागच्या झाकणावर चार भोकं आखली आणि त्यांत चार छान चकचकीत स्क्रू बसवले. ते कशातच जात नाहीत. नुसते बसलेले असतात, आमच्या समितीसारखे. रंगीत तालीम म्हणून आम्ही कारखान्यातल्या जुन्या फिटरला बोलावलं. त्याने एकेक स्क्रू काढून तळहातावर घेतला, पंखा हलवला, उलटा केला, भोकांत डोकावला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हे स्क्रू धरतात कशाला?" आमच्या नोकऱ्यांना, हे खरं उत्तर मला तिथेच सुचलं होतं, पण मी छताकडे बघत राहिलो. त्याने चारही स्क्रू पुन्हा जागेवर बसवले, नीट आवळले, फडक्याने पंखा पुसला आणि निघून गेला. मामा, तो दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. मला इतकी लाज शाळेत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

असो. घरी सगळे ठीक. आईचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे. मामींना नमस्कार सांगावा, गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

आपला भाचा

ता.क. एक किरकोळ गोष्ट राहिली. तपासणी येत्या गुरुवारी अकरा वाजता आहे. दुरुस्तीवाला चिठ्ठी टाकून निवडतात, आणि आज कचेरीचा कागद आला त्यात तुमच्या दुकानाचं नाव आहे. तुम्हालाही कळवतीलच. कृपा करून मला ओळख दाखवू नका. मीही तुम्हाला "साहेब" म्हणेन. मागे दुरुस्तीचा जमाना संपला म्हणून मी तुम्हाला तासभर व्याख्यान दिलं होतं आणि तुम्ही मुकाट्याने संत्रं सोलत ऐकून घेतलंत, तेही तूर्त मनातून काढून टाकावं.

ता.क. २. आणखी एक. पंख्याची पुढची जाळी हाताने निघते. तुम्ही चार स्क्रू काढलेत, जाळी काढलीत आणि "उघडला" असं म्हणालात, तर ते अगदीच खोटं ठरणार नाही. बाईंना पंख्यातलं काही कळत नाही असं साहेबांनी चौकशी करून शोधून काढलंय.

ता.क. ३. पाकीट बंद करण्याआधी वाचून पाहिलं. वरचा मजकूर खोडणार होतो, पण तुमचा डोळा आता चांगला झालाय, तुम्ही खोडलेलंही वाचाल. म्हणून राहू देतो आणि उलट सांगतो. तसलं काही करू नका. पंखा उघडत नसेल तर उघडत नाही असं बाईंच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. गेल्या रविवारी मी आठ खऱ्या स्क्रूंचा पंखा आखलाय, साहेबांच्या टेबलावरही ठेवला होता. ते म्हणाले, आपला पंखा अजून कुठे नापास झालाय? तेव्हा मामा, तो नापास करायला तुमच्याशिवाय मला कोणी नाही. मला नोकरीवरून काढतील, तर काढू देत.

ता.क. ४. काढलंच, तर दुकानात एकाला बसायला जागा होईल का? तुमच्यावर बोजा पडणार नाही, हत्यारं माझी मी आणीन.

ता.क. ५. आत्ता कपाटं धुंडाळली. घरात एक पेचकसही नाही. हत्यारं तुमचीच लागतील, आणि ती कशी धरायची तेही सांगावं लागेल.