दुसरी दाढ

१२ फेब्रुवारी
पहिल्या दाढेचं रूट कॅनल झालं. डॉक्टर तनुजा मॅडमनी मशिननं केलं. बारीक घरघर, बस. दुखलं नाही. "दुसरीचं मूळ वाकडं आहे. ती हातानं घासावी लागेल. नंतर जरा ठणकेल," म्हणाल्या.
घरी आले तर लाइट गेलेली. अनुपचा फोन वाजत होता. दिवाळीच्या तोंडावर माझा नवरा विजेच्या लाइनच्या कामात खांबावरून पडून गेला, तरी काही लोक अजून त्यालाच लावतात – 'अनुपभाऊ, डीपी उडाली, लाइट नाही!' मी तो फोन चार्ज करून ठेवते. उचलत नाही.

१४ फेब्रुवारी
अश्वजितदादा माहेराहून, किन्हीराजाहून आला. "सामान बांध सपना. इथं आता कोनासाठी थांबून राह्यली?"
दुसरी दाढ होऊ दे, म्हटलं. सासूबाई आतून ऐकत होत्या. चहा आणून ठेवला, परत आत गेल्या. अनुप गेल्यापासून आम्ही दोघी कामापुरतंच बोलतो. मी रडले नाही, ते त्यांना लागलंय. मयतीला आलेल्या बायकाही म्हणाल्या होत्या – 'पोरीच्या डोयात पानी नाही.' कुठून आणू?

१९ फेब्रुवारी
दुसरी दाढ. मॅडम सुईसारख्या फाइली बोटांत धरून फिरवत होत्या. आत, बाहेर, पुन्हा आत. भूल दिलेली, तरी डोक्यात करकर. डोळे मिटले की खांब दिसायचा. उघडले तरी.

२० फेब्रुवारी
ठणका. कानापर्यंत.

२१ फेब्रुवारी
गोळीनं भागलं नाही. भाकरी करताना रडू फुटलं. आधी दाढेचंच होतं. मग आवरेना. अनुपचं नाव तोंडातून गेलं, मोठ्यानं.
वळून पाहिलं तर दारात सासूबाई. मी गाल दाबला. "दाढ," म्हटलं.
"हो. दुखतेच ते," म्हणाल्या, आणि बाहेरचं दार लावून घेतलं.

२५ फेब्रुवारी
मॅडमनी दाढ ठोकून पाहिली. "सूज गेली. आता दुखायला नको."
अजून दुखतं, म्हटलं. ठणका तर परवाच थांबला. पण दाढ दुखत नसेल, तर मी रडू कशाच्या नावानं?

२७ फेब्रुवारी
दादा उद्या गाडी घेऊन येतो. संध्याकाळी लाइट गेली, अनुपचा फोन वाजला. उचलला तर पलीकडून तोच बोलेल, असं वाटून हात पुढे जाईना. सासूबाईंनी उचलला.
"अनुप नाही राह्यला, बाबा."
फोन खाली ठेवला. 

२८ फेब्रुवारी
मी बॅग भरत होते. सासूबाई गालाला हात लावून शेजारी येऊन बसल्या. "सपना, माही बी दाढ लय दुखून राह्यली."
त्यांची कवळी ओट्यावर वाटीत होती. तोंडात एकही दात नाही.
मी दादाला फोन लावला. गाडी आणू नको, म्हटलं.