आईच्या फुंकेचा आकडा

पिंप्राळा, जळगाव
गुरुवार, १६ नोव्हेंबर १९९५

धुळ्याच्या माननीय डॉक्टरसाहेबांना जय भीम.

दम्याचा श्वास मोजायला तुम्ही दिलेल्या नळीत आई रोज सकाळी फुंकते. काटा थांबतो तो आकडा मी वहीत लिहून एसटीडी बूथवरून कळवतो. आकडा दीडशेखाली गेल्यास तिला लगेच आणायचे, असे तुम्ही बजावले होते.

सोमवारी काटा एकशे चाळीसवर थांबला. आई म्हणाली, "वाल्मीक, माले दवाखानामा लई जाऊ नको. तुना बाप तठून परत उना का?" खोटा आकडा लिहायला हात धजेना, म्हणून मीच नळीत हळू फुंकले. दोनशे आले. तीन दिवस मी माझाच श्वास कळवला आणि तुम्ही "छान" म्हणालात.

आज तिचे एकशे दहा आले. ओठ निळसर आहेत. "तुनाच आकडा सांगी दे," ती हसत म्हणाली, पण हसू पुरे करायलाही तिला दम पुरला नाही.

फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून लिहायला बसलो. पण पत्राला दोन दिवस लागतील. ते टाकत नाही, आईला घेऊन समोर येऊनच सांगतो. चांदभाईंची रिक्षा दारात आहे, नऊची एसटी मिळेल.

दवाखान्यात नेतोय म्हणून आई माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे, तेवढाच श्वास वाचेल.

आपला अपराधी,
वाल्मीक सुपडू तायडे