डाव्या कानाचा पुरावा

ती. अक्का यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, म्हणून लेखीच मानून घ्यावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना आधी कुठला पाय टाकायचा यावरून तुमचं आणि डॉक्टरांचं बिनसलं होतं, ते मिटलं का? माझं मागचं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत, त्याबद्दल आभार. मुख्याध्यापिका निवृत्त होतात, त्यांचं लाल पेन होत नाही, हे मी तुमच्या घरचा जावई झाल्यापासून जाणून आहे. ‘पाल्हाळ’ हा शेरा तुम्ही जागोजागी मारला होता. या वेळी त्यासाठी समास मुद्दाम रुंद सोडला आहे. इकडे सर्व क्षेम. म्हणजे अगदीच क्षेम असं नाही, पण ते ओघाने येईल.

पत्र लिहायचं निमित्त एवढंच की तुमच्या गळ्यातल्या साखळीचा हूक सैल झाल्याचं तुम्ही फोनवर म्हणाला होतात, आणि तो मी घरच्या घरी बसवून देऊ शकतो. हसू नका. जन्मभर मी लोकांच्या कवळ्या केल्या. मेण, साचे, तारा, बारीक चिमटे आणि पॉलिशची छोटी मोटार हे सगळं निवृत्तीनंतर माझ्याबरोबर घरी आलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसून माझ्याकडे बघायला लागलं. दात करायची सोय उरली नव्हती (आपल्या नात्यात ज्यांना हवे होते त्यांना सगळ्यांना मी बसवून दिले आहेत). पॉलिशची पावडर कुठे मिळेल म्हणून मी फोनवर शोधत होतो, तर फोनवरच्याच एका मंडळाच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिथे एकीने पांढऱ्या मण्यांच्या सराचा फोटो टाकला होता. मला वाटलं, आपलेच लोक. मी खाली लिहिलं की काम उत्तम आहे, फक्त पुढचे दोन जरा आत घ्यावेत, म्हणजे ओठ नीट मिटेल. त्यावर मंडळ जे हसत सुटलं ते बराच वेळ थांबेना. ते हाताने दागिने करणाऱ्यांचं मंडळ होतं. तेव्हापासून तिथे माझं नाव कवळीकाका.

अक्का, ही माणसं भलतीच गोड आहेत आणि तितकीच चिकट. कुणी तार वळतं, कुणी माती भाजून मणी करतं, एक बाई नुसत्या शिंपल्यांवर जगते (तिला आम्ही शिंपलेवाली म्हणतो). एकमेकांना कुणी पाहिलेलं नाही, पण एकमेकांच्या बोटांवरचे चट्टे सगळ्यांना पाठ आहेत. या सगळ्यांवर एक पक्कडबाई आहेत. त्या प्रत्येक फोटोत दागिन्याशेजारी आपली पक्कड ठेवतात आणि चूक दिसली की सोडत नाहीत. तुमची त्यांची ओळख करून द्यावी असं मला अनेकदा वाटतं, आणि मग भीती वाटते. त्यांनी मंडळाला दोन नियम घालून दिलेत. दागिना मखमलीवर किंवा सफरचंदावर ठेवून दाखवायचा नाही, जिवंत माणसाच्या अंगावर दाखवायचा. आणि कानातलं असेल तर दोन्ही कानांतलं दाखवायचं, कारण हाताने केलेला जोड हुबेहूब कधीच नसतो आणि तो किती जमलाय हे दोन्ही बघितल्याशिवाय कळत नाही. नियम साधाच आहे. पण माझी गाडी तिथेच अडली.

तुमच्या बहिणीचं तुम्हाला मी काय सांगणार? चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, त्याला आता बरेच महिने झाले. डोळा बराच सुधारलाय. ओठ मात्र अजून बोलताना मागे राहतो, आणि हसताना तर येतच नाही. जी बाई इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसून दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायची, आणि घरी येऊन ती सगळी माणसं मला करून दाखवायची, तिने मुदतीआधी नोकरी सोडली. आता दारावर कुणी आलं तर मी उघडतो. आम्ही बसतो तेव्हा माझी खुर्ची तिच्या उजव्या हाताला. कुणी ठरवलं नाही, मीच एके दिवशी उचलून तिकडे ठेवली आणि ती तिकडेच राहिली. हसू आलं तर ती हात तोंडावर नेते, हातात कप असला तर आधी कप खाली ठेवते. तोपर्यंत हसू संपलेलं असतं.

तुम्ही पहिल्याच आठवड्यात धावत आलात. दारातच तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून तुम्ही रडलात. त्यात गैर काही नव्हतं. आई गेल्यावर तुम्हीच तिच्या वेण्या घातल्यात, तुम्ही नाही रडायचं तर कुणी? मीही तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तेच करत होतो. पण तुम्ही गेल्यावर तिने दिवाणखान्यातला आरसा उतरवला, आणि त्यानंतर तुम्ही येते म्हणालात की तिला नेमका ताप येतो. फोनवर बोलते, पण व्हिडिओ लावत नाही. तुम्हीही मानी. ती बोलावेल तेव्हाच येईन म्हणालात. दोघी बहिणींच्या मधे बसून मी तारा वळतो आहे.

तर फोटो. मी पहिली कानातली केली तेव्हा भीत भीत तिला विचारलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, उजवीकडून घ्या. कानाला काही चेहरा नसतो. मग ती खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसायची, मी उजव्या कानाचा फोटो काढायचो आणि तिला कुठले तरी तारवाले लोक कौतुक करतात एवढंच सांगायचो. तिला ते आवडायचं. मी दुसरा कान मागितला नाही. माझी हिंमत झाली नाही, असं सरळ लिहितो. फोनमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की फोटो आरशातल्यासारखा उलटतो. मी तो उजवा कान उलटवून डावा म्हणून लावून द्यायचो. मंडळ खूश, पक्कडबाई खूश. जोड इतका जुळलेला त्यांनी म्हणे कधी पाहिला नव्हता. (जुळेल नाही तर काय, एकच तर होता.) मी लाजून आभार मानत असे.

पण आमच्या मंडळात अदलाबदल चालते. तुमचं मला, माझं तुम्हाला, टपालाने. शिंपलेवालीला माझी वेलीच्या वळणाची कानातली हवी होती. फोटोत दोन्ही वेली गालाकडे वळलेल्या दिसत होत्या. तिने ती घातली, तर एक वेल गालाकडे आणि दुसरी मानेकडे पळालेली. तिने तसाच फोटो लावला. पक्कडबाईंनी माझे जुने फोटो काढून शेजारी ठेवले, आणि मग त्यांना कानाच्या पाळीखालचा तीळ सापडला, दोन्ही कानांना एकाच जागी. अक्का, मी हात टेकले. आणि फोटोच्या लबाडीपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. उजवी दाढ वेगळी आणि डावी वेगळी करण्यात माझा जन्म गेला, आणि इथे मी दोन्ही कानांसाठी उजव्याच वेली वळत बसलो होतो! कारण तार वळताना डोळ्यांसमोर तिचा उजवाच कान यायचा. ती डावी बाजू जगापासून लपवते असं मी मनात म्हणायचो, आणि बघायचं सोडलं होतं मी.

मंडळाने विचारलं, डावा कुठाय? मी लिहिलं, डावा कान दाखवता येणार नाही, क्षमस्व. माझ्या मते हे उत्तर सभ्य होतं. पण त्या एका वाक्याने तुमच्या बहिणीचा डावा कान मुळासकट उडवला. मंडळ एकदम गप्प झालं. पक्कडबाईंनीसुद्धा (त्यांच्याकडून हे अपेक्षित नव्हतं) फक्त ‘समजलं’ एवढं लिहिलं. लोक शहाणे आहेत असं वाटून मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग पार्सलं यायला लागली.

पहिली खेप आली तेव्हा मी पावडर आणायला बाहेर गेलो होतो. परत येतो तो ही टेबलाशी बसलेली, समोर उघडी खोकी, आणि टेबलभर कानातली. मातीची, शिंपल्याची, तांब्याची, काचेची. सगळी एकेकटी. एकाही खोक्यात जोड नाही. तिने मला विचारलं की आता जोडीने कानातली मिळायची बंद झाली आहेत का. आणि एक चिठ्ठी पुढे केली. शिंपलेवालीने लिहिलं होतं, ‘ताई, एका कानाची माणसं आम्हाला दोन कानांइतकीच प्रिय आहेत.’ मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. बटण, तीळ, पळालेली वेल, क्षमस्व, सगळं. मी सांगताना तिच्याकडे न बघता चिमट्यांकडे बघत होतो.

आवाज नाही म्हणून वर पाहिलं, तर तुमची बहीण हसत होती. दोन्ही मुठी कानातल्यांनी भरलेल्या होत्या, त्यामुळे हात तोंडावर न्यायची सोय नव्हती, आणि खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. उजवा ओठ वर गेलेला, डावा जागच्या जागी, एका डोळ्यातून पाणी. अख्ख्या जगात मला एकच कान, असं म्हणून ती पुन्हा पुन्हा हसत होती. अक्का, ते हसू वाकडं होतं आणि मला ते फार आवडलं. मी तिला तसं म्हणालोसुद्धा. (लग्नानंतर मी तोंडावर कौतुक केल्याची ही पहिलीच वेळ, असं तिचं म्हणणं. मला आणखी एखादी आठवते.)

मग हसू थांबलं आणि तिला राग आला. कान शाबूत असताना त्याचं सुतक लोकांनी का पाळावं? आत्ताच्या आत्ता डाव्या कानाचा फोटो लावा म्हणाली. मी घाईघाईने डावीकडून कान टिपला, तर तिने तो पुसायला लावला. नुसता कान लावलात तर परत म्हणतील उलटवला, तुमचा इतिहास तसा आहे. समोरून घ्या, दोन्ही कान एका फोटोत. मी म्हटलं, मग मधलं सगळंच येईल. ती म्हणाली, मला माहीत आहे मधे काय आहे ते. तिने तशाच वेलीचा घरी उरलेला दुसरा जोड घातला, खिडकीकडे तोंड करून सरळ बसली, आणि मी फोटो काढला. फोटो हलू नये म्हणून श्वास धरा, हेही तिनेच मला सांगितलं.

फोटो लावला आणि आम्ही दोघं फोनवर वाकून बसलो. तिने एकेक अक्षर वाचलं. मंडळ आधी आनंदाने ओरडलं की दोन कान आहेत. मग पक्कडबाई आल्या, ‘डावी वेल मानेकडे पळते आहे, सोडवून पुन्हा वळा.’ मग त्यावर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं आकडा फिरवा, कुणी म्हणालं तार बदला, शिंपलेवालीने पुन्हा स्वतःचा पुरावा जोडला. चर्चा संध्याकाळपर्यंत चालली आणि सगळी त्या वेलीवर. चेहऱ्याबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही. ही शेवटपर्यंत वाचत राहिली, फोन खाली ठेवला, आणि जराशी नाराज होऊन म्हणाली, कमाल आहे, कुणाचंच लक्ष नाही.

असो. साखळी पाठवून द्यावी. हूक पक्का बसवून, पॉलिश करून, उलट टपाली पाठवीन. गुडघ्यांना जपावं.

आपला आज्ञाधारक,
कवळीकर

ता.क. साखळी टपालाने पाठवू नका, हल्ली टपालात वस्तू हरवतात. (माझ्याकडे आलेलं एकही पार्सल हरवलेलं नाही, ते सोडा.) स्वतः घेऊन या. तुम्ही यावं म्हणूनच हे सगळं लिहिलं, साखळीचा हूक वर्षभर तसाच राहिला तरी काही बिघडत नाही. बोलावणं तिचं नाही, माझं आहे, आणि तिला न विचारता करतो आहे. फक्त एक विनंती. दारात आलात की आधी डाव्या कानाकडे बघा आणि वेल उलटी बसवल्याबद्दल मला चांगलं झापा. तुम्हाला ते सहज जमेल. मग बाकीचं हळूहळू बघता येईल.

ता.क.चा ता.क. (अक्षर ओळखशीलच.) अक्का, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. यांना वाटतं, टेबलावर पालथं ठेवलेलं पत्र दिसत नाही. पाल्हाळाचा शेरा मारायला विसरू नकोस. ताप आलेला नव्हता, ते तुला ठाऊकच असणार. वेल अजून उलटीच आहे, मी यांना सरळ करू देत नाही. तिच्याकडे बघण्यात माणसांचा थोडा वेळ जातो, तेवढ्यात तोंडाची सवय होते. काल भाजीवालीकडे करून पाहिलं. रडायचं असेल तर दारातच पुन्हा रड, आता मला चालेल. मात्र बसायला माझ्या डाव्या हाताला ये. उजवीकडची खुर्ची यांची आहे, आणि डावीकडे मी तुझ्यासाठी आज एक ठेवली आहे.