चिखलात थांबलेली होडी

यानागावा, २० फेब्रुवारी

प्रिय साएकोताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे तोमोनोरीचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग अगदी शब्दशः. काल दुपारी मी आठही अंगांनी जमिनीला टेकलो होतो, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? साप्पोरोत बर्फ अजून खिडकीपर्यंत आहे का? मिओबाळ दूध नीट पिते ना? दाजींची कंबर आता काय म्हणते? आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

मी दोन्ही पोरांना घेऊन ओसाकाहून आईकडे आलोय. एकटा. बायकोच्या डोक्यावर शाळेच्या पेपरांचा ढीग आहे, आणि "तुम्ही तिघं जा, मला चार दिवस घरातली शांतता ऐकू दे," असं ती इतक्या प्रेमाने म्हणाली की मला वाईट वाटायला हाकाता स्टेशन यावं लागलं. गेला महिनाभर मी इतोहा आणि रेंजीला रोज झोपताना आपल्या कालव्यांची गोष्ट सांगत होतो. होडीत रजई, रजईखाली उबदार शेगडी, डोक्यावरून सरकणारे दगडी पूल, विलोच्या लोंबत्या फांद्या, आणि नावाड्याच्या बांबूचा तो संथ आवाज, चुबुक, चुबुक. सांगता सांगता पोरांच्या आधी मलाच झोप लागायची. मग स्वप्नातही तेच पाणी. ताई, तुला येतं का गं ते स्वप्नात? माझ्या स्वप्नातल्या यानागावात पाणी कधी आटत नाही, आणि आपण दोघांनी घरामागच्या पायऱ्यांवर बसून त्यात पाय सोडलेले असतात.

तर असे आम्ही परवा येऊन पोचलो, आणि काल सकाळी मी दोन्ही पोरांची बखोटी धरून त्यांना ऐटीत मागच्या पायऱ्यांवर नेलं. कालव्यात पाणी नव्हतं. थेंबही नव्हता गं. नुसता काळा चिखल, मध्ये दोन डबकी, त्यांत एक बगळा आणि कोणाची तरी सायकल.

हस, हस पोटभर! फेब्रुवारीत झडपा बंद करून पाणी उतरवतात आणि गाळ काढतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परका माणूस निदान चौकशी करून येतो. आपण पडलो घरचे, आपण कशाला कोणाला विचारू? आईला फोनवर तारीख सांगितली तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली होती. (काल विचारलं, की का नाही सांगितलंस? तर म्हणे, "मला वाटलं तुला चिखलच बघायचा असेल." हे वाक्य लक्षात ठेव.) रेंजी तीन वर्षांचा, त्याला चिखलाचं दुःख नाही. पण इतोहा पाच वर्षांची आणि स्वभावाने थेट तुझ्यावर गेलेली. तिने एकदा कालव्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, तू रोज रात्री खोटं बोलत होतास." त्यानंतर तिने माझ्याशी बोलणंच सोडलं. जेवताना वाफवलेल्या वाम माशाचा डबा पुढे ठेवला, तर तिने तो आजीच्या हातून घेतला, माझ्या हातून नाही.

शेवटी आमची अब्रू राखली शिगेमात्सुकाकांनी. आठवतात ना, आपल्या शाळेच्या वाटेवरचे नावाडी? आता सत्तरी उलटली, पण हातात बांबू आहेच. त्यांची होडी आपल्याच पायऱ्यांखाली चिखलात रुतून बसली होती आणि काका आत बसून चहा पीत होते. इतोहाचा फुगलेला चेहरा बघून म्हणाले, "चला, बसा लवकर, होडी सुटायची वेळ झाली!" मी म्हटलं, "काका, पाणी?" तर माझ्यावरच डाफरले, "पाण्याचं मी बघतो, तू बूट काढ." रजई अंथरली, शेगडी पेटवली, डोक्यावर टोपी चढवली, बांबू चिखलात रोवला आणि गाणं सुरू केलं. होडी तसूभरही हलली नाही. पण काका वाकायचे, रेटायचे, "पूल आला, डोकी खाली!" म्हणून ओरडायचे, आणि आम्ही तिघं निमूट डोकी खाली घालायचो. पाय उबेत, नाकाला गार वारा, फांद्या डुलताहेत, काकांचा आवाज कधी जवळून कधी लांबून. ताई, शपथेवर सांगतो, थोड्या वेळाने काठावरची घरं सरकायला लागली. तांबड्या विटांचं ते गोदाम मागे गेलं, आपली शाळा आली, आणि खिडकीत आपली गेलेली आजी शिवत बसलेली मी पाहिली. इतोहाचं डोकं माझ्या दंडावर कलंडलं होतं. रेंजीने जांभई देत विचारलं, "पोचलो का?" काका म्हणाले, "मघाशीच."

इथे सुख संपलं. उतरताना रेंजीचा एक रबरी बूट चिखलाने गिळला, म्हणून मी खाली पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत गेलो. तो काढायला दुसरा टाकला, तर पहिला आणखी आत. मग नमस्कार घातला, तो सुरुवातीला लिहिलाच आहे. बूट शोधायला मी पायरीखालच्या कपारीत खांद्यापर्यंत हात घातला होता, तेवढ्यात कपडे वाळत घालायची काठी घेऊन आई वरच्या पायरीवर आली. तिने मला बघितलं, मी कुठे हात घातलाय ते बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तीस वर्षं उशीर केलास. तो मी केव्हाच काढलाय."

ती बुटाबद्दल बोलत नव्हती. पोरं टाळ्या पिटत होती, काका भलतीकडेच बघत होते. मला रडू आलं, ते चिखलाने माखलेल्या तोंडावर कोणाला दिसलं नाही हे नशीब.

घरात मिओसाठी शिवलेलं बाहुल्यांच्या सणाचं झुंबर टांगलंय. लाल कड्यातून सोडलेले दोरे, त्यांवर करकोचे, कासवं, चिंध्यांचे चेंडू. एकावन्न लागतात, आईने पन्नास केलीत आणि एका दोऱ्यावर जागा मोकळी ठेवलीय. तू फोनवर म्हणालीस, "माझ्या लेकीसाठी काही टांगू नका. त्यातलं एखादं हरवेल आणि तिच्या नावावर जाईल. आम्ही येणार नाही." मी आईला त्यातलं फक्त शेवटचं वाक्य सांगितलं. ती "बरं" म्हणाली, आणि शिवत राहिली. आईचा तो पाठमोरा खांदा बघवत नाही गं.

बाकी सर्व क्षेम. मिओला गोड पापा, दाजींना नमस्कार.

तुझा,
तोमोनोरी

ता. क. १ : पत्र इथे संपवणार होतो, पण लिहायचं ते लिहिलंच नाही. तू अकरा वर्षांची होतीस, मी आठचा. तुझ्या झुंबरातला लाल ससा हरवला, आजीने शिवलेला, आणि ती जाऊन महिनाही झाला नव्हता. आईने तुला नको नको ते ऐकवलं. "आजीची एवढी एक आठवण सांभाळता आली नाही," म्हणाली. पुढे तू ते झुंबर कधी टांगू दिलं नाहीस. ताई, ससा मी घेतला होता. माशाची वडी ज्या लाकडी फळीवर विकत मिळते, तिची होडी केली, सशाला तिच्यावर दोऱ्याने बांधलं आणि पायऱ्यांवरून सोडला. तो उलटला आणि कपारीत गेला. तू रडत होतीस तेव्हा मी दाराआड उभा होतो आणि बोललो नाही. तीस वर्षं बोललो नाही. काय रागवायचं ते माझ्यावर रागव, फोन करून शिव्या घाल, पण मिओला घेऊन ये.

ता. क. २ : पाणी २८ तारखेला सोडणार आहेत. या वेळी मी तीन जणांना विचारलंय आणि शिगेमात्सुकाकांकडून लिहून घेतलंय. इतोहा माझ्याशी बोलायला लागली. आत्याला लिही म्हणते, की होडी फार लांब जाते, बाळाला टोपी आण.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार, तोच आईने पत्र मागितलं. सगळं वाचलं. मग कपाट उघडून खालच्या खणातून ससा काढला. धुतलेला, इस्त्री केलेला, एक कान अजून काळपट. सोबत ती फळी, तिच्यावर माझ्या अक्षरात "कप्तान तोमोनोरी". म्हणजे त्या वर्षी पाणी उतरलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. मला एका शब्दाने बोलली नाही. ससा मिओच्या झुंबरात मोकळ्या जागी टांगला, माझ्या हातातून पेन घेतलं, आणि भात शिजेपर्यंत कागदापुढे बसून राहिली. खालच्या ओळी तिच्या आहेत.

साएको, ससा तू हरवला नव्हतास हे मला दहाव्या दिवशीच कळलं होतं. लेकीची माफी कशी मागायची ते मला कोणी शिकवलं नाही. माझं चुकलं. बाळाला घेऊन ये. — आई